सोवळं दुखणं

वर्षातून दोनदा मी पिंपळीच्या निम्म्या पोरांच्या पोटातले जंत मारते. गोळ्या सरकारच्या, पण हात माझा. मी अंगणवाडी सेविका आहे. जंताच्या गोळीच्या दिवशी मी दारातच उभी राहते, एकेका पोराला गोळी चावायला लावते आणि मग "आ कर" म्हणून जिभेखाली बघते. गालात गोळी दडवणारं पोर मला नुसत्या चालण्यावरून ओळखू येतं. लपवलेलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही, असा माझा गावात लौकिक होता. थोडी घमेंडही होती, खोटं कशाला बोलू?

आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एक बाई सहा वर्षं काहीतरी लपवत होती. ती बाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा, तेव्हा इथेही मी त्यांना आत्याच म्हणेन. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा असा.

आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने घातलेली. मामांच्या गळ्यात तशीच, घराण्यात सगळ्यांच्याच. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ आत्यांनी उभं केलं. हरिपाठाची पहिली ओळ त्यांनी उचलायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं, हा रिवाज. घरात अंडं शिजणं सोडा, दिसायचंही नाही. एकदा मी अंगणवाडीतला सकस आहाराचा तक्ता घरी आणून भिंतीला लावला. त्यात दूध, केळी, भाज्या आणि एका कोपऱ्यात उकडलेलं अंडं. दुसऱ्या दिवशी बघते तर अंड्यावर पतसंस्थेचं छोटं कॅलेंडर चिकटवलेलं.

माझं माहेर पळसदेवचं, उजनीच्या पाण्याच्या काठावर. भाऊ होडी घालतो, मासे धरतो. आमच्या घराला चिलापी माशाचा वास आहे, तो पावसाळ्यातही जात नाही. लग्न ठरलं तेव्हाच आत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "म्हायेरी काय खातीस ती म्हायेरीच ठिवून यायाचं." मी ठेवून येत होते. पंधरा वर्षं पळसदेवहून आले की आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय मला चुलीजवळ उभं राहू देत नसत. थंडीच्या दिवसांत मी न्हाणीघरात आत्यांचा मनातल्या मनात भरपूर उद्धार केला आहे.

आता वर्षातून एकदा सगळं घर पळसदेवला जायचं, ते का, ते सांगते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं. आधी शिखर, मग मंडप. वैशाखात आम्ही सगळे जायचो. मामा, आमचे हे आणि मी भावाच्या होडीत बसून देवळाला एक फेरी मारायचो, हात जोडायचो आणि परत यायचो. मामा मुळात घाईचे. देवाच्या दारातसुद्धा, कुणीतरी मागून ढकलतंय असं त्यांचं दर्शन. पंधरा मिनिटांत होडी काठाला.

आत्या होडीत बसायच्या नाहीत. "मला गरगरतं," म्हणायच्या. त्या काठावरच्या वेड्या बाभळीखाली पिशव्या राखत बसायच्या, सोबतीला माझी आई. दोघी विहिणी. आम्ही परत यायचो तेव्हा तिथे जरासा धूर असायचा. "डास लई हायेत," आत्या सांगायच्या, "म्हणून धूर केला." त्यांच्या पिशवीत लिंबू असायचं, गाडी लागते म्हणून. येताना ते पिळून संपलेलं असायचं आणि आत्या ओवा चघळत असायच्या. मामा म्हणायचे, "हिला प्रवास सोसत न्हाय." हे सगळं मी सहा वर्षं बघत होते. जिभेखाली बघणारी मी.

मग आत्यांना दुखणं लागलं. चार पावलं चालल्या की धाप, चेहरा पांढरा फटक, पायांना मुंग्या. टाळ धरला की बोटं बधिर. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. विचारलं, "काय खाता?" आत्यांनी माळेवर हात ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर. शुद्ध शाकाहारी लोकांत होतं असं. इंजेक्शनं घेऊ, दूध-दही वाढवा."

आत्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या निम्म्या बऱ्या झाल्या होत्या. भजनाच्या बायकांना सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "बाया, माझं दुखणं सुदिक सोवळं हाय." बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर आपल्यालाही असंच काहीतरी आहे का ते बघायला रक्त तपासून घेतलं. तिचं सगळं चांगलं निघालं, तर बिचारी हिरमुसली.

इंजेक्शनं झाली, थोडा उतार पडला, पुन्हा मुंग्या सुरू. पुन्हा इंजेक्शनं. श्रावण असाच गेला. आणि भाद्रपदात एका सकाळी आत्या मागच्या दाराने आल्या, पदर तोंडावर, आणि मला हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या जंताच्या गोळ्या हायत्या का एखादी?"

मी विचारलं, "का? काय दिसलं?"

"इतभर. पांढरं. रिबिनीवानी."

माझ्यातली सेविका जागी झाली. मी म्हटलं, ते फेकायचं नाही, तपासायला द्यायचं. आत्यांनी नाही-नाही म्हणत शेवटी ते डब्यात घालून दिलं. डबा श्रीखंडाचा. वर केशर-वेलचीचं चित्र. तपासणीच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी डबा बघून हसून विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "उघडू नका. आधी ऐका."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. आमच्याकडे एक आजारी असला की केबिनमध्ये चौघे शिरतात. मामा खुर्चीत, आत्या खुर्चीत, आमचे हे आणि मी मागे उभे. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, आत्यांच्या गळ्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"जंत आहे," त्या म्हणाल्या. "पट्टीसारखा असतो. आतड्याला चिकटून राहतो आणि वाढतो. दहा-दहा मीटरसुद्धा होतो."

"म्हंजी नऊवारीपरास लांब," मामा म्हणाले.

"हो. आणि हा जो प्रकार आहे ना, तो तुमचं बी-ट्वेल्व्हच खातो. आपण इंजेक्शनं देत होतो आणि हा आतून ते ओढत होता. गोळीच्या एका डोसने जाईल, काळजी नको. फक्त एक विचारते. हा माशातून येतो. गोड्या पाण्यातला मासा कच्चा, नाहीतर अर्धवट शिजलेला खाल्ला तर. आपल्या भागात फार क्वचित. मीही आजवर पुस्तकातच बघितला होता."

मामा खुर्चीत पुढे सरकले.

"मासा?" मामा म्हणाले. "डाक्टर, ही लगीन झाल्यापास्नं माळकरी हाय."

"भांड्याबिंड्याला लागून येतो का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"नाही. मासा पोटात जायला लागतो."

मग मामांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या ह्यांनी बघितलं. त्यांचं मी समजू शकते, घरात मासेखाऊ माहेराची मी एकटी. पण आत्यांनीही मान वळवली आणि त्यांच्या बरोबरीने माझ्याकडे बघितलं! इतक्या निरागस डोळ्यांनी, की क्षणभर मलाच वाटलं, मी झोपेत तर काही भरवलं नाही ना यांना?

परतताना गाडीत मामांनी निकाल लावला. डॉक्टरांना काय कळतंय, भांड्यातूनच आलं असणार. माझी आई मला शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात घालून पाठवते. तो डबा मासळीचा असणार. "आजपास्नं म्हायेरचा डबा बंद," मामा म्हणाले. "आन् पळसदेवला जाणं बी बंद. लई झालं."

मी म्हटलं, "मामा, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. आता तू ऐक."

आमचे हे गाडी चालवत होते. घरात वाद झाला की त्यांना रस्ता फार महत्त्वाचा वाटतो. आत्या खिडकीतून ऊस बघत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऊस दिसला.

मामांचा राग मी पोटात घालू शकले असते, ते तापट, पण आठवड्यात निवतात. मात्र हा आठवडा तसा नव्हता. माझ्या भावाला बारा वर्षांनी मूल झालं होतं. मुलगी. पुढच्या रविवारी बारसं, आणि बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. मी एकुलती एक बहीण. पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगायचं, मागून बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायचे, यासाठी मी बारा वर्षं पाठ तयार ठेवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना आत्या म्हटलं, आता मला कुणीतरी आत्या म्हणणार होतं. आणि मी न खाल्लेल्या माशापायी ते जाणार होतं. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या अशा थापल्या, की शेजारीण विचारायला आली, काय तोडताय का.

आत्यांनी गोळी घेतली. पुढे काय झालं ते सांगत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. एवढंच सांगते, की नऊवारीची उपमा मामांची बरोबर होती.

मी आईला फोन केला. मला रडायचं होतं, म्हणून रडत-रडतच सगळं सांगितलं. जंत, मासा, चटणीचा डबा, बारसं. आई ऐकत होती. एरवी आई मध्ये-मध्ये 'अगं बया' म्हणते. या वेळी काहीच म्हणेना.

"आई, ऐकतीस ना?"

"ऐकतीया," आई म्हणाली. मग, "इहीनबाई बऱ्या हायत्या ना आता?"

"त्या बऱ्या आहेत! माझं काय?"

"मी तिला म्हणत हुते," आई म्हणाली, "अजून एकडाव परतू दे. ऐकंल तर शप्पत. म्हणायची, होडीचं तोंड वळलं, दी, दी लवकर."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

मग आईने सगळं सांगितलं. आत्यांचं माहेर भीमेच्या काठचं. ते गाव धरणात गेलं, हे मला माहीत होतं, पण घरातल्या जुन्या गोष्टी माहीत असतात तसं. आत्या लहानपणी त्याच नदीतले मासे खाऊन वाढल्या. ऐन लग्नाच्या वयात गाव उठलं, माणसं चार दिशांना पांगली, आत्यांना पिंपळीच्या माळकरी घरात दिलं. सहा वर्षांपूर्वी देऊळ बघायला आल्या तेव्हा आईने जवळच भाजायला घातलेल्या चिलापीचा वास त्यांना आला आणि बाई बसल्या जागी रडायला लागली. आईला वाटलं, वास सोसवेना म्हणून. "म्या निखारा इझवाय गेले," आई म्हणाली, "तर माझा हात धरला तिनं."

तेव्हापासून दरसाल. होडी सुटली की आईच्या पिशवीतली चिलापी बाहेर यायची, मीठ-मिरची लावून तयार. गोवरीचे निखारे आईने आधीच करून ठेवलेले. आत्या माळ काढून बाभळीच्या फांदीला अडकवायच्या, तीही पलीकडच्या बाजूला, तिला दिसू नये अशी. जाताना होडीच्या इंजिनाची फटफट लांब-लांब जायची आणि देवळाला वळसा घालून जवळ यायला लागायची. आवाज वळला की आत्यांना दम निघत नसे. मासा वरून काळा, आतून कच्चा. तसाच काट्यावरून ओरबाडून खायचा, राखेत काटे पुरायचे, लिंबाने हात धुवायचे, ओवा तोंडात, माळ गळ्यात. होडी काठाला लागायच्या आत सोवळ्यात.

फोन ठेवल्यावर मी आधी पोट धरून हसले. मग पंधरा वर्षांच्या थंडीतल्या अंघोळी आठवल्या आणि असा काही संताप आला! वाटलं, आत्ता ओट्यावर जाऊन ओरडून सांगावं. भजनाच्या बायका जमल्या असतील तर आणखी बरं. आत्यांचं सगळं आयुष्य त्या पहिल्या ओळीत होतं, आणि ती ओळ आता माझ्या हातात होती.

ओरडले नाही. मी चांगली आहे म्हणून नव्हे. इतकं मोठं हत्यार एकदम वापरून टाकायला जीव होईना.

रात्रीच्या जेवणाला मी आत्यांच्या ताटात लिंबाची फोड वाढली. पिठलं-भाकरीला लिंबू कशाला, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असू द्या. हाताला बरं." त्यांचा घास थांबला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलेले असताना मी विचारलं, "आत्या, डास झालेत का? धूर करू का थोडा?"

मामा म्हणाले, "कर की. चावत्यात."

आत्यांनी ओवा मागितला नाही, पण मी डबी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते त्या केबिनमधल्या डोळ्यांनी नव्हे. भ्यालेल्या डोळ्यांनी. मला मजा येईल असं वाटलं होतं. आली, पण जेवणानंतर खरकटी भांडी घासेपर्यंतच टिकली. साठी उलटलेल्या बाईला असं टोचत बसणं काही शोभत नव्हतं, आणि बारसं तर माझं गेलेलंच होतं.

शनिवारी सकाळी मामा चहा घेत होते. आमचे हे दुधाला निघाले होते. मी बारशासाठी घेतलेलं कुंची-झबलं कागदात बांधत होते. भावाचा मित्र बारामतीला येणार होता, त्याच्या हाती पाठवायचं म्हणून. आत्या देवघरातून बाहेर आल्या. गळा मोकळा. इतक्या वर्षांत तो गळा मी कधी मोकळा बघितला नव्हता, तिथे माळेची फिकट रेघ उमटली होती.

"म्या खाल्लाय मासा," त्या म्हणाल्या.

मामांचा चहा बशीत होता, तो तसाच राहिला.

"पळसदेवला. दरसाली. हिच्या आईनं भाजला आन् म्या खाल्ला. हिला काय बी ठावं न्हवतं. डबा-बिबा काय न्हाय." श्वास घ्यायला थांबल्या. "माळ देवाम्होरं ठिवलीया. मंडळातल्या बायांला बी सांगती आज. म्होरं बसायची न्हाय मी आता."

मी हातातला दोरा धरून उभी.

"माझं म्हायेर पान्यानं नेलं," आत्या म्हणाल्या. "हिचं माझ्या जिभंपायी जायाला नगं."

मला सांगायचं आहे की त्या वेळी माझ्या मनात काहीतरी थोर आलं. खरं म्हणजे मी भोकाड पसरलं. कागदातलं झबलं खाली पडलं. आमचे हे दुधाची किटली घेऊन दारात, आत यावं की रस्ता धरावा हे त्यांना कळेना.

मामांनी तोंड उघडलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर ते म्हणाले, "खाल्ला त्यो खाल्ला. पर कच्चा का खाल्लास?"

"शिजायला येळ कुठं हुता?" आत्या म्हणाल्या. "तुमची होडी यायाची की."

मामा उठले, खोरं घेतलं आणि उसाला पाणी द्यायला निघून गेले. त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी नव्हती. दुपारी आले, जेवले, हात धुता-धुता माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या बारशाला किती वाजता निघायचं?"

मी नाव ठेवलं. माझ्या पाठीत सगळ्यांत जोरकस धपाटा कुणाचा बसला ते मला न वळता कळलं. इंजेक्शनं चांगली लागू पडली होती.

आत्यांनी मंडळात सांगितलं ते दोनच शब्दांत, "मन चळलं." जंताचं बोलल्या नाहीत, तेवढी सवलत आम्ही त्यांना दिली. पहिली ओळ आता दुसरी एक बाई उचलते, आणि फार चढ्या पट्टीत उचलते, असं आत्या मला घरी येऊन नाक मुरडून सांगतात. त्या मागच्या रांगेत बसतात. पहिले काही दिवस मला ते बघवत नव्हतं, एरवी त्यांच्या तोऱ्यावर मीच जळायचे. एका बाईने मात्र त्यांना गाठून कानात विचारलं म्हणे, की चिलापी लागते कशी. मी पळसदेवहून आले की न्हाणीघराचा नियम आहे तसाच आहे. आत्या म्हणतात, "मामांची चूल हाय ती." पण आता बंबात पाणी तापवून ठेवलेलं असतं.

या वैशाखात पाणी उतरलं आणि आम्ही नेहमीसारखे निघालो. जायचं की नाही यावर घरात एक शब्द झाला नाही. मामांनीच सकाळी टोपी घातली. काठावर पोचल्यावर आत्या म्हणाल्या, "मला गरगरतं." माझी आई म्हणाली, "मी हाय की सोबतीला." दोघींनीही मामांकडे बघितलं नाही. मामा होडीत बसले, काठाकडे पाठ करून. त्यांच्या गळ्यात माळ आहे, ती तशीच राहणार. मी आणि आमचे हे समोर.

भावाने इंजिन चालू केलं. देवळापाशी आलो, मंडपाचे खांब गुडघाभर पाण्यात. एक फेरी झाली. मामांनी हात जोडले आणि सवयीने भावाने होडीचं तोंड काठाकडे वळवायला घेतलं.

"आनखी एक मार," मामा म्हणाले.

भाऊ चकित. "दरसाली तर तुमी एकच मारता."

"औंदा दोन मारू."

दुसरी फेरी झाली. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी पाण्याकडे. लांब बाभळीखालून धूर निघत होता, पातळ, निळसर, सरळ वर जाणारा. तोंड वळणार, तेवढ्यात मामांनी पहिल्यांदा मागे वळून काठाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा पाठ करून बसले आणि टोपी नीट केली.

"अजून एक मार," ते म्हणाले. "सावकाश घे. डास लई असत्यात तितं, धूर नीट हुंदी."